एका महिन्यातले दोन कायदे

२०२४ साली ब्रिटनच्या संसदेत एका महिन्याच्या आत दोन कायदे झाले. पहिल्याला २५ एप्रिलला राजाची संमती मिळाली. रवांडा हा देश आश्रय मागणाऱ्यांसाठी सुरक्षित आहे आणि यापुढे प्रत्येक न्यायालयाने तो सुरक्षितच मानला पाहिजे, असं त्या कायद्याने बजावलं. जेमतेम पाच महिन्यांपूर्वी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पुरावा तपासून नेमकं उलटं म्हटलं होतं. दुसऱ्या कायद्याला २४ मे रोजी संमती मिळाली. पोस्टाच्या शेकडो सबपोस्टमास्तरांना चोर आणि लबाड ठरवणारे निकाल त्या एका कायद्याने रद्द झाले. पहिल्या कायद्यावर अनेक वकिलांनी आणि कायद्याच्या प्राध्यापकांनी कडाडून टीका केली. दुसऱ्या कायद्याने लोकांना हायसं वाटलं.

आता कायद्याच्या विद्यार्थ्यासमोर हे दोन कायदे शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींत संसदेने एकच गोष्ट केली आहे. न्यायालयाने जे ठरवलं होतं, ते कायदा करून बाजूला सारलं. मग पहिल्याला अन्याय आणि दुसऱ्याला न्याय म्हणायचं, ते कशाच्या आधारावर? पहिल्यामागचा हेतू वाईट होता आणि दुसऱ्यामागचा चांगला, हे उत्तर घरच्या गप्पांत चालून जाईल. परीक्षेत ते चालत नाही, कारण प्रत्येक सरकार आपला हेतू चांगलाच आहे असं सांगत असतं.

ब्रिटनमध्ये आज कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कुठे ना कुठे आडवा येतो. पुण्याहून, नागपूरहून, संभाजीनगरहून तिथे एलएलएम करायला गेलेल्या मुलामुलींना तो आणखी वेगळ्या बाजूने भिडतो, असं मला वाटतं. ही मुलं जिथून येतात तिथे घटना हा एक ग्रंथ आहे. तो हातात धरता येतो, चौकातल्या पुतळ्याच्या हातातही तो असतो. जिथे ती जातात, तिथे असा ग्रंथच नाही.

बातमी आणि अभ्यास यांची तिथे फारकत होत नाही, त्याला व्यवहारातलंही कारण आहे. बॅरिस्टर म्हणून वकिली करायची तर पदवी आणि बारचा अभ्यासक्रम झाल्यावर एखाद्या चेंबर्समध्ये उमेदवारी मिळवावी लागते. तिला प्युपिलेज म्हणतात. जागा थोड्या, अर्ज फार. मुलाखतीत चालू घडामोडीवरचा प्रश्न बहुधा येतोच, आणि उमेदवाराने एक बाजू नीट मांडली की अनेकदा समोरचे म्हणतात, आता हिच्या उलट बोला. या कसरतीची सवय मूट कोर्टात झालेली असते. तिथे खटला काल्पनिक असतो. घटना कशा घडल्या हे कागदावर ठरलेलं असतं आणि भांडण फक्त कायद्याच्या मुद्द्यावर होतं. दोन्ही बाजूंना एक सीनियर आणि एक ज्युनियर. कुठली बाजू वाट्याला येईल हे आपल्या हातात नसतं. जी बाजू मनाला पटत नाही, तिचा सर्वांत भक्कम युक्तिवाद शोधून काढावाच लागतो. न्यायाधीश म्हणून बसलेला प्राध्यापक किंवा वकील मध्येच अडवून विचारतो, तेव्हा पाठ केलेलं भाषण कामाला येत नाही.

लंडनच्या चार इन्समध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थांमध्ये, ही रीत काही शतकांची आहे. त्यांपैकी ग्रेज इनशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली तिथे नाव घातलं, मधे भारतात परतावं लागलं, आणि १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. त्यांच्या दहा वर्षं आधी त्याच इनमध्ये दाखल झालेल्या विनायक दामोदर सावरकरांना १९०९ मध्ये इनने सनद नाकारली. पुढे बोटीतून निसटल्यावर मार्सेलच्या धक्क्यावर त्यांना पकडून परत नेणं योग्य होतं का, यावर फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात हेगला लवाद चालला. त्याचा निवाडा फेब्रुवारी १९११ मध्ये लागला आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासात तो अजून वाचला जातो. कायद्याचा विद्यार्थी स्वतःच खटल्याचं नाव होऊन बसल्याची अशी उदाहरणं फार नसतील.

पण आपल्या प्रश्नाकडे वळू. तो कळायला आधी ब्रिटनची घटना कळायला हवी.

ती एका जागी लिहिलेली नाही. १२१५चा मॅग्ना कार्टा, १६८९चं बिल ऑफ राइट्स, १९११ आणि १९४९चे पार्लमेंट कायदे, १९९८चा मानवी हक्क कायदा, न्यायालयांचे निकाल आणि कुठेही न लिहिलेल्या पण पाळल्या जाणाऱ्या प्रथा, हे सगळं मिळून ती बनते. आल्बर्ट व्हेन डायसी या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने १८८५ मध्ये तिचा गाभा सांगितला: संसद कुठलाही कायदा करू शकते, कुठलाही मोडू शकते, आणि तिने केलेला कायदा बाजूला सारायचा अधिकार देशात कुणालाही नाही. हे तत्त्व किती टोकाचं आहे हे दाखवायला लेस्ली स्टीफन यांचं एक उदाहरण डायसीने घेतलं. निळ्या डोळ्यांची सगळी बालकं मारावीत असा कायदा संसदेने केला, तर तो कायदाच ठरेल. मात्र असा कायदा करायला कायदेमंडळाला वेड लागावं लागेल, आणि तो पाळायला प्रजेलाही. पुढे आयव्हर जेनिंग्ज यांनी सौम्य उदाहरण दिलं. पॅरिसच्या रस्त्यावर विडी ओढणं हा गुन्हा आहे असं ब्रिटिश संसद ठरवू शकते. पॅरिसमध्ये त्याला कुणी विचारणार नाही, पण ब्रिटिश न्यायालयांना तो कायदा मानावा लागेल.

आपल्याकडून गेलेला विद्यार्थी इथे थबकतो. त्याने केशवानंद भारती खटला वाचलेला असतो. २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा अशा फरकाने ठरवलं की संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. त्यामुळे संसदेच्या वर काहीतरी आहे, हे त्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं. ब्रिटनमध्ये न्यायालय संसदेचा कायदा रद्द करू शकत नाही. फार तर मानवी हक्क कायद्याच्या चौथ्या कलमाखाली ते जाहीर करतं की हा कायदा हक्कांशी विसंगत आहे. जाहीर केल्यावरही कायदा जसाच्या तसा चालू राहतो. तो बदलायचा की नाही हे संसदच ठरवते.

मग ब्रिटिश न्यायालयं दुबळी आहेत का? तसंही नाही, आणि हे समजायला ब्रेक्झिटच्या काळातले दोन खटले पुरेसे आहेत. २३ जून २०१६ला जनमत झालं. चारच दिवसांनी निक बार्बर, टॉम हिकमन आणि जेफ किंग या कायद्याच्या तीन अभ्यासकांनी एक लेख प्रसिद्ध केला. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची नोटीस पंतप्रधानांना स्वतःच्या अधिकारात देता येणार नाही, त्यासाठी संसदेचा कायदा लागेल, असा त्यांचा मुद्दा होता. सहा-सात महिन्यांत तोच मुद्दा जीना मिलर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि २४ जानेवारी २०१७ रोजी आठ विरुद्ध तीन मतांनी मान्य झाला. मधल्या काळात उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांना ‘डेली मेल’ने पहिल्या पानावर जनतेचे शत्रू म्हटलं होतं. दुसरा खटला २०१९चा. बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून संसद पाच आठवडे स्थगित झाली होती. २४ सप्टेंबरला लेडी हेल यांच्या अध्यक्षतेखाली अकराच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला की सल्ला बेकायदा होता, म्हणून स्थगिती झालीच नाही. दुसऱ्या दिवशी संसद भरली.

दोन्ही निकालांत न्यायालय संसदेच्या बाजूने सरकारविरुद्ध उभं राहिलं होतं. सरकारला आवर घालायचा तो संसदेच्या नावाने. हे कळलं की पुढचा पेच दिसू लागतो. सरकार आणि संसदेतलं बहुमत एकच झालं, आणि संसदच न्यायालयाच्या विरोधात उभी राहिली, तर?

आता पोस्टाची गोष्ट. ती थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण एका देशाच्या न्यायव्यवस्थेची इतकी मोठी चूक क्वचितच इतक्या स्पष्टपणे नोंदली गेली असेल.

ब्रिटनमध्ये गल्लीतलं पोस्ट बहुधा किराणा दुकानाच्या एका कोपऱ्यात असतं. ते चालवणारे सबपोस्टमास्तर पोस्टाचे नोकर नसतात, कंत्राटावर काम करतात. त्यांत भारतीय वंशाची कुटुंबं बरीच आहेत. १९९९ पासून या काउंटरांवर होरायझन नावाची संगणकप्रणाली बसवली गेली. ती फुजित्सू कंपनीची. दिवसाचा हिशेब मिटवताना पडद्यावर तूट दिसू लागली, कधी शेकड्यांत, कधी हजारांत. कंत्राटाप्रमाणे ती तूट सबपोस्टमास्तरने भरायची, असं पोस्टाचं म्हणणं. कुणी बचत घातली, कुणी घर गहाण टाकलं. मदतीसाठी फोन केला की अनेकांना उत्तर मिळे, हा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. सरेमधल्या वेस्ट बायफ्लीट गावच्या सीमा मिश्रा यांच्यावर सुमारे ७४ हजार पौंड चोरल्याचा आरोप आला. २०१० साली त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली तेव्हा त्या गरोदर होत्या. सगळे मिळून नऊशेहून जास्त लोक दोषी ठरले. त्यांतल्या सातशेच्या वर लोकांवरचे खटले पोस्टाने स्वतःच भरले होते.

इथे कायद्याच्या विद्यार्थ्याने दोन गोष्टी टिपायच्या असतात. पहिली म्हणजे इंग्लंडमध्ये खासगी व्यक्तीला किंवा संस्थेलाही फौजदारी खटला चालवता येतो. त्या हक्काचा वापर करून पोस्टाने तक्रारदार, तपासनीस आणि फिर्यादी अशा तिन्ही भूमिका एकट्याने केल्या. आपल्या प्रणालीत दोष आहेत हे दाखवणारे कागद त्याच्याच कपाटात होते, आणि आरोपीला ते दाखवणं त्याचंच कर्तव्य होतं.

दुसरी गोष्ट पुराव्याची आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. १९८४च्या एका कायद्याच्या ६९व्या कलमाप्रमाणे संगणकातून निघालेला कागद पुराव्यात आणायचा तर संगणक नीट चालत होता हे दाखवावं लागे. ही अट किचकट आणि निरुपयोगी आहे, असं विधी आयोगाचं मत पडलं. १९९९ मध्ये संसदेने ती काढून टाकली. त्यानंतर उरलं ते जुनं गृहीतक, की यंत्र नीटच चालत असतं. बिघाड होता असं म्हणणाऱ्याने तसं दाखवून द्यावं. घड्याळाला किंवा रस्त्यावरच्या सिग्नलला हे ठीक आहे. हजारो काउंटरांना जोडणाऱ्या प्रणालीत नेमका कुठे दोष आहे, हे खेडेगावातली दुकानदारीण कसं दाखवणार? प्रणालीच्या नोंदी तिच्या हातात नव्हत्या. आरोपी निर्दोष आहे असं मानून चालायचं हे फौजदारी कायद्याचं पहिलं तत्त्व. होरायझनच्या खटल्यांत आधी यंत्र निर्दोष मानलं गेलं आणि त्यातून माणूस आपोआप दोषी ठरला.

मराठी विद्यार्थ्याला इथे जालन्याची आठवण व्हायला हवी. आपल्या जुन्या पुरावा कायद्याच्या ६५ ब कलमात, संगणकातल्या नोंदीसोबत ती नोंद कशी तयार झाली आणि यंत्र नीट चालत होतं याचं प्रमाणपत्र जोडावं लागे. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातल्या जालना विधानसभा निवडणुकीच्या वादात उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही हे ठरवायला निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं चित्रीकरण पुढे आलं. त्यातून जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच न्यायालयात आणलेलं नसेल तर प्रमाणपत्र सक्तीचं आहे. आता नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३व्या कलमातही ती अट आहे. गंमत अशी की ६५ ब हे कलम बऱ्याच अंशी ब्रिटनच्याच १९६८च्या एका कायद्यावरून घेतलेलं होतं. ब्रिटनने ती वाट सोडली आणि आपण धरून ठेवली. प्रमाणपत्राने सगळं साधतं असा माझा दावा नाही. आपल्याकडे ती कितीदा नुसती औपचारिकता होते हे जिल्हा न्यायालयात काम करणारा कुणीही सांगेल. पण यंत्राबद्दल कुणीतरी सही करून जबाबदारी घेतली पाहिजे, ही कल्पना सोडण्यासारखी नव्हती. २०२५च्या सुरुवातीला ब्रिटनच्या न्याय मंत्रालयानेही त्या गृहीतकाबद्दल लोकांची मतं मागवली.

चूक न्यायालयातच उघडी पडली. अ‍ॅलन बेट्स आणि आणखी सबपोस्टमास्तर मिळून ५५५ जणांनी पोस्टावर दिवाणी दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमध्ये खरोखरच दोष होते असा निकाल दिला. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने बेचाळीसपैकी एकोणचाळीस जणांची दोषसिद्धी रद्द केली. सीमा मिश्रा त्यांत होत्या. न्यायालयाने नुसतं निकाल चुकला एवढंच म्हटलं नाही, असे खटले भरणं हाच न्यायप्रक्रियेचा गैरवापर होता असंही म्हटलं. तरी २०२४ उजाडलं तेव्हा नऊशेंपैकी जेमतेम शंभराच्या आसपास लोक मोकळे झाले होते. काही वारले होते. अनेकांना पुन्हा न्यायालयाची पायरी चढायचीच नव्हती, आणि त्यांना दोष कोण देईल? त्या जानेवारीत आयटीव्हीवर बेट्स यांच्या लढ्यावरची मालिका लागली, देश संतापला, आणि मे महिन्यात संसदेने कायदा करून उरलेले बहुतेक निकाल पुसले. स्कॉटलंडच्या संसदेने आपला वेगळा कायदा केला.

रवांडाचं प्रकरण थोडक्यात सांगता येईल. छोट्या बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्यांना रवांडाला पाठवायचं आणि त्यांच्या आश्रयाच्या अर्जांचा निकाल तिथेच लावायचा, अशी योजना सरकारने एप्रिल २०२२ मध्ये जाहीर केली. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने बेकायदा ठरवली. रवांडात अर्जांची छाननी नीट होत नाही, त्यामुळे खऱ्या निर्वासितांनाही त्यांचा जीव जिथे धोक्यात आहे त्याच देशात परत धाडलं जाण्याचा खरा धोका आहे, हे न्यायालयाला पुराव्यांवरून पटलं. सरकारने डिसेंबरमध्ये रवांडाशी नवा करार केला आणि पाठोपाठ विधेयक आणलं. त्याच्या दुसऱ्या कलमाचा आशय असा, की निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाने, म्हणजे न्यायालयानेही, रवांडा सुरक्षित आहे हे निर्णायकपणे मानायचं. उद्या तिथे उठाव झाला तरी. हे विधेयक मानवी हक्कांशी सुसंगत आहे असं निवेदन गृहमंत्र्यांना करता आलं नाही, आणि तसं त्यांनी विधेयकावरच नोंदवलं. जुलैमधल्या निवडणुकीत सरकार बदललं आणि नव्या सरकारने योजना गुंडाळली. सक्तीने एकही माणूस रवांडाला गेला नाही. पण कायदा झाला होता, आणि तो विद्यार्थ्यांच्या वहीत राहिला.

आता दोन्ही बाजू मांडू. मूटमध्ये मांडाव्या लागतात तशा.

दोन्ही कायदे एकाच मापाने मोजा, असं म्हणणाऱ्याचा युक्तिवाद ताकदीचा आहे. कोण दोषी हे न्यायालयाने ठरवायचं, हे सत्ताविभाजन. संसदेने एकदा शेकडो दोषसिद्धी पुसल्या की वाट मोकळी झाली. आज सहानुभूती सबपोस्टमास्तरांना आहे, उद्या ती सत्तेतल्या पक्षाच्या दंगलखोर कार्यकर्त्यांना असेल. सरकारने हा कायदा पायंडा नाही असं बजावून सांगितलं, पण पायंडा पडतो तो कृतीने. शिवाय सरसकट सोडताना काही खरे गुन्हेगारही सुटणार, हे सरकारलाही मान्य होतं. सहा लाख पौंडांची ठरावीक भरपाई घेणाऱ्याने आपण निर्दोष आहोत असं लिहून द्यावं, ही अट त्यासाठीच होती. आणि न्यायालयाचा निकाल कायद्याने उलटवणं ब्रिटनला नवंही नाही. दुसऱ्या महायुद्धात रंगूनचे तेलसाठे शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून ब्रिटिशांनीच नष्ट केले होते. १९६४ मध्ये लॉर्ड्सच्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या, न्यायाधीशांनी बर्मा ऑइल कंपनीला त्याची भरपाई मिळण्याचा हक्क आहे असं ठरवलं, आणि पुढच्याच वर्षी संसदेने पूर्वलक्षी कायदा करून तो हक्क काढून घेतला.

दुसरी बाजू मला अधिक पटते. राज्यसंस्थेने नागरिकाला पूर्वलक्षी शिक्षा देणं आणि पूर्वलक्षी सुटका देणं, ही एकाच वजनाची कृत्यं नाहीत. माफीचा अधिकार राजाकडे पूर्वीपासून आहेच. समलैंगिकतेच्या जुन्या गुन्ह्यांखाली शिक्षा झालेल्या हजारो पुरुषांना संसदेने २०१७ मध्ये मरणोत्तर माफी दिली. होरायझन कायदा त्याच्या पुढे गेला आणि माफीऐवजी दोषसिद्धीच काढून टाकली, हे खरं. पण एक प्रश्न विचारला की दोन्ही कायद्यांतला फरक लख्ख दिसतो. निकालाने कोण हरलं होतं? रवांडाच्या खटल्यात सरकार पक्षकार होतं, ते हरलं, आणि बहुमताच्या जोरावर त्याने आपली हार विजयात बदलली. स्वतःच्या प्रकरणात कुणी न्यायाधीश होऊ नये, या तत्त्वाला तिथे उघडउघड तडा गेला. पोस्ट ऑफिस हीदेखील संपूर्ण सरकारी मालकीची कंपनी आहे. त्या खटल्यांत ती जिंकली होती, आणि ती जीत अन्यायाची होती हे कळल्यावर राज्यसंस्थेने ती सोडून दिली. आणखी एक. होरायझनमध्ये दोष होते हे आधी न्यायालयांनीच ठरवलं होतं. संसदेने ते निष्कर्ष स्वीकारून पुढचं पाऊल टाकलं. रवांडाच्या बाबतीत तिने न्यायालयाचा निष्कर्ष नाकारून त्या जागी स्वतःचा बसवला.

भारतात शिकलेल्या विद्यार्थ्याकडे इथे एक असा दाखला असतो, जो त्याच्या ब्रिटिश वर्गमित्राकडे नसतो. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची रायबरेलीची निवड रद्द केली. ऑगस्टमध्ये, आणीबाणीत, संसदेने एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती करून सांगितलं की तो निकाल शून्य आणि निवड वैधच आहे. तीच रचना: हरलेला पक्षकार, बहुमत, आणि कायद्याने बदललेला निष्कर्ष. ७ नोव्हेंबर १९७५ला सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्तीतला तो भाग रद्द केला. इंदिरा गांधींची निवड न्यायालयाने कायम ठेवली, पण ती बदललेला निवडणूक कायदा तपासून. संसदेने सांगितलं म्हणून नाही. त्या पीठावर पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड होते. केशवानंद खटल्यात ते अल्पमतात होते, मूलभूत चौकटीचा सिद्धांत त्यांना तेव्हा मान्य नव्हता. अडीच वर्षांनी, आणीबाणी चालू असताना, समता आणि कायद्याचं राज्य यांचा आधार घेऊन ते कलम अवैध ठरवणाऱ्यांत ते होते. आपलं मत हरलं तरी जो कायदा ठरला तो प्रामाणिकपणे लावायचा, हा धडा मूट कोर्टात शिकवता येत नाही.

म्हणजे लिहिलेली घटना जिंकली का? असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. बाबासाहेबांनीच तो अडवून ठेवला आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना, कारभाराचे इतके बारीक तपशील घटनेत कशाला, या आक्षेपाला त्यांनी उत्तर दिलं. ग्रोट या ग्रीसच्या इतिहासकाराचा हवाला देऊन ते म्हणाले की घटनात्मक नीती ही माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते. आणि ती मुरली नसेल तर घटनेतला एक शब्द न बदलता नुसता कारभार फिरवूनही घटना मोडता येते. ज्याने ग्रेज इनमध्ये बसून अलिखित घटनेचा देश पाहिला होता, त्याचं हे बोलणं आहे. ब्रिटिशांना न लिहिता चालतं कारण सवय आहे, आपल्याला ती अजून लागायची आहे, म्हणून लिहून ठेवू, असा त्यामागचा हिशेब. रवांडाच्या कायद्याने दाखवलं की सवयीवर चालणाऱ्या देशातही सवय सुटू शकते. लेडी हेल आणि आणखी दोन न्यायाधीशांनी २००५च्या एका खटल्यात ओझरतं सुचवलं होतं की संसदेने न्यायालयीन तपासणीच काढून घ्यायचा प्रयत्न केला, तर न्यायालयं तो निमूटपणे मानतीलच असं नाही. ते मत निकालाचा भाग नव्हतं. रवांडाचा कायदा टिकला असता तर कदाचित ते कसोटीला लागलं असतं.

होरायझनच्या कायद्यात मात्र एक तपशील आहे, जो मला अस्वस्थ करतो, आणि आज कायदा शिकणाऱ्यांनी त्यावर डोकं चालवावं असं वाटतं. ज्यांचं अपील अपील न्यायालयाने आधीच फेटाळलं होतं, त्यांना या कायद्यातून वगळलं गेलं. २०२१च्या त्या बेचाळीसपैकी तिघं असे होते. त्यांच्या खटल्यात होरायझनचा पुरावा निर्णायक नव्हता, असं न्यायालयाला वाटलं. वरिष्ठ न्यायालयाने प्रकरण प्रत्यक्ष तपासून दिलेला निकाल संसदेने पुसू नये, हे वगळण्यामागचं तत्त्व, आणि सत्ताविभाजनाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. परिणाम मात्र असा झाला की सारख्याच परिस्थितीतल्या दोन माणसांपैकी जो कधी न्यायालयात गेलाच नाही तो सुटला, आणि ज्याने धीर करून दाद मागितली तो अडकला. संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात हा मुद्दा निघाला होता. कायदा बदलला नाही.

अशा माणसांपुढे बर्मिंगहॅमच्या फौजदारी प्रकरण पुनर्विचार आयोगाकडे अर्ज करण्याची वाट उरते. नवा पुरावा किंवा नवा मुद्दा दाखवायचा, आणि आयोगाला पटलं तर तो प्रकरण पुन्हा अपील न्यायालयाकडे पाठवतो. ही वाट विद्यार्थ्यांनाही चालून पाहता आली आहे. कार्डिफ विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या हाताखाली मँचेस्टरमध्ये खुनाबद्दल दोषी ठरलेल्या एका तरुणाच्या खटल्याचे कागद वर्षानुवर्षं चाळले. बंदुकीच्या दारूच्या कणांचा जो पुरावा त्याच्याविरुद्ध वापरला होता, त्याचं वजन नव्या शास्त्रीय समजुतीप्रमाणे फार कमी भरतं, हे त्यांनी पुढे आणलं. आयोगाने प्रकरण पाठवलं आणि डिसेंबर २०१४ मध्ये त्याची दोषसिद्धी रद्द झाली. ब्रिटनमध्ये विद्यापीठातल्या अशा प्रकल्पाला मिळालेलं ते पहिलं यश. त्या तरुणाने तोवर बारा वर्षं तुरुंगात काढली होती. त्याच्या फायलीवर सुरुवातीला काम केलेले विद्यार्थी तोपर्यंत पदवी घेऊन कधीच बाहेर पडले होते, आणि निकाल लागला तेव्हा पुढच्या तुकडीतली मुलं त्या फायलीवर होती.